स्टिरॉइड वगैरे

३ फेब्रुवारी

"बीपी, शुगर, दमा, स्टिरॉइड वगैरे, सिगारेट, दारू?"

एका दमात! डोकंसुद्धा वर न उचलता. हाडांच्या डॉक्टरांनी आज बाबांना एवढंच विचारलं. गुडघा बदलायचाय, आणि प्रश्न असे जणू कुणी फलाटावरून गाड्यांची नावं पुकारतंय. बाबांच्या हाती शेवटचे दोन शब्द लागले. खुर्चीत ताठ बसत म्हणाले, "आयुष्यात हात लावला नाही डॉक्टर. हवं तर माझ्या पोरीला विचारा." सगळे हसले. मीही हसले. डॉक्टरांनी बीपी सोडून बाकी सगळ्यांपुढे 'नाही' लिहिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

राग आला. गिळला. कारण याच हॉस्पिटलात, तळमजल्यावरच्या लॅबमध्ये मी काम करते आणि ऑपरेशन इथेच करायचं हा हट्ट माझा. घरात पदवी घेतलेली मी पहिली. त्यामुळे घरच्यांच्या हिशेबी मी अर्धी डॉक्टर. जंतूंची परीक्षा पास झाले म्हणजे सर्दीपासून मूळव्याधीपर्यंत मला सगळं कळतं!

मग वॉर्डच्या सिस्टरने विचारलं, घरी गोळ्या कुठल्या चालू आहेत. आई म्हणाली, "बीपीची आणि ताईची." सिस्टरला काही बोध होईना. धाकट्या भावामुळे घरात सगळेच मला ताई म्हणतात, बाबासुद्धा. नोकरी लागल्यापासून मी दर महिन्याला त्यांना कॅल्शियमच्या गोळ्या आणून देते. मीच पुढे होऊन सांगितलं – "कॅल्शियम हो." सिस्टर बाबांना म्हणाली, "मुलीच्या नावाची गोळी! नशीबवान आहात काका."

डोळ्यांत पाणीच आलं. बाबा आयुष्यभर लोकांच्या घरात फरशा बसवत आले. माणसं पायांवर उभी राहून पोट भरतात, बाबांनी गुडघ्यांवर बसून भरलं. आता उजवा गुडघा पार झिजलाय. पण तब्येत मात्र सुधारली आहे त्यांची. गाल वर आलेत. समोरच्या काकू परवा म्हणाल्या, "तरुण व्हायला लागलेत तुझे बाबा." गोळी लागू पडली म्हणायची.

७ फेब्रुवारी

झालं ऑपरेशन! शुद्धीवर आल्या आल्या पहिलं वाक्य – "ताई, ऑपरेशनच्या खोलीबाहेरची फरशी उताराला चुकलीये. पाणी दाराकडे जातं." धाकटा म्हणाला, "घ्या. भूल पूर्ण उतरली."

८ फेब्रुवारी

बाबांच्या हातावर निळे-जांभळे डाग. सलाईनची सुई तीनदा टोचली म्हणे. सिस्टरला बोललेच – माणसाचा हात आहे, पिनकुशन नाही. ती म्हणाली, त्यांची कातडी फार पातळ झालीये, हात लावला तरी डाग पडतो. म्हणजे यांना सुई मारता येत नाही हा दोष बाबांच्या कातडीचा!

९ फेब्रुवारी

उभे राहिले. स्वतः. आई भिंतीकडे तोंड करून रडली.

२१ फेब्रुवारी

टाके काढून तीन दिवस झाले, तरी जखमेच्या खालच्या टोकातून पाणी येतं. पट्टी रोज ओली. आज दाखवायला नेलं. डॉक्टरांनी लांबूनच बघितलं. ताप नाही, लाली नाही, दुखतंय म्हणता तेवढं दुखणारच. मी म्हटलं, त्या पाण्याचा नमुना द्या, मी लॅबमध्ये लावते, जंतू असेल तर उगवेल. तर हसले! "तुम्हा लॅबवाल्यांना देवळातसुद्धा जंतू दिसतात."

बाबाही त्यांच्याबरोबर हसले. डॉक्टर हसले की हसायचं असतं, हे आमच्या घराला कुणी शिकवलं?

परत येताना रिक्षात मी तोंड फिरवून बसले. बाबा म्हणाले, "अगं, त्यांनी शेकड्याने गुडघे बसवलेत." मी म्हटलं, "तुम्हीही हजाराने फरशा बसवल्यात. पण गिऱ्हाईकाने फरशी हलतेय म्हटलं की वाकून बघता ना? का उभ्या उभ्या सांगता, नाही हलत?"

ते ओल्या पट्टीकडे बघायला लागले. गुडघ्यावर हात ठेवून.

२४ फेब्रुवारी

लॅबमधल्या त्या जंतू रंगवायच्या डाय-पावडरने पुन्हा मनगटावर पुरळ. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला हिच्यामुळेच तोंड सुजून डोळे मिटले होते. धाकटा तेव्हा मला भोपळा म्हणायचा. हातमोजे लांब बाह्यांचे मागवा म्हणून लॅबच्या मॅडमना सांगितलंय. बाबांची पट्टी आजही ओली.

१ मार्च

गुडघा रात्रीतून फुगला. सकाळी नेलं. आता यांना घाई सुचली! सुईने पाणी काढलं – पाणी कसलं, ताक. गढूळ, पांढरट. नळी माझ्याच हातात दिली. जिने उतरून खाली येईपर्यंत ती माझ्या मुठीत कोमट होती.

लावली मी. इतरांचे नमुने लावते तसाच लावला – नाव न वाचता.

३ मार्च

उगवलं प्लेटवर. दाट, गुबगुबीत, पिवळट ठिपके. लॅबमध्ये आम्ही ज्याला रोजचा पाहुणा म्हणतो तोच. कुणाच्याही नाकात असतो, कुणाच्याही कातडीवर बसलेला असतो, आणि सहसा कुणाचं काही बिघडवत नाही. आणि बाबांच्या नव्या सांध्यात लोखंडाला चिकटून बसलाय.

प्लेट हातात घेऊनच वर गेले. कुणी थांबवलं असतं तर तिच्यासकट गेले असते अंगावर. डॉक्टर कॉरिडॉरमध्ये चहा पीत होते. म्हटलं, हे बघा, देवळात नव्हते, इथेच होते. त्यांच्याबरोबरचे शिकाऊ डॉक्टर जमिनीकडे बघायला लागले. डॉक्टरांनी कप खाली ठेवला आणि मला म्हणाले, भावनेच्या भरात बोलताय. हो, बोलतेय! जंतू वाढत होता तेव्हा कोण शांत डोक्याने काय करत होतं?

धुवायचं ठरलं. सांधा उघडून आतून धुणार.

४ मार्च

धुतलं. अतिदक्षता विभागात ठेवलंय. घरच्या कुणाला आत सोडत नाहीत. आई बाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसलीये, सारखी म्हणते, मला नुसतं दोन मिनिटं जाऊ द्या, पाणी पाजून येते. रखवालदार ऐकत नाही. मी सांगितलं तिला, आत नर्स आहेत, पाणी पाजतात. तरी पर्स सोडेना.

६ मार्च

काल दुपारपासून बाबांची दैना झाली. उलट्या. बीपी एवढं खाली की यंत्र ओरडत होतं. डोळे उघडेनात. जंतू रक्तात गेला असेल म्हणाले, मग रक्ताचा नमुना खाली आला – काही नाही. मग हृदय असेल म्हणाले – ते ठीक. मग काय? तर "कधी कधी होतं असं."

कधी कधी होतं असं! हे वाक्य मी बाहेरच्या फळ्यावर लिहून ठेवणार आहे. डॉक्टरकीची एवढी वर्षं, आणि निष्कर्ष काय, तर कधी कधी होतं असं.

आज सकाळी आई रखवालदाराशी भांडून आत घुसली. मला वाटलं आता मला नोकरीवरून काढतात. संध्याकाळपर्यंत बाबा उठून बसले. बोलले. पेज मागितली. मग आम्हालाही आत सोडलं. धाकटा म्हणतो, "बघितलंस? आई आली की बाबांना करंट येतो. एवढ्या वर्षांनी!" आई लाजली. या हॉस्पिटलात आल्यापासून पहिल्यांदा आम्ही चौघं एकदम हसलो.

८ मार्च

बाबांना वॉर्डात आणलं, पण हसू पुरलं नाही. धुण्याने भागत नाही. बसवलेला सांधा काढून टाकणार. त्या जागी औषध भरलेला सिमेंटचा ठोकळा. काही महिने तसंच. मग जंतू गेला तर पुन्हा नवा सांधा. नाही गेला तर पाय कायमचा ताठ. त्याहून वाईट काय, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही, बाबांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, तिथवर जाऊ नये असं आपण बघू.

बाबांना फक्त एक गोष्ट कळली. "म्हणजे आता खाली बसणं नाही." म्हटलं, बाबा, खाली बसायचं नव्हतंच तसंही, नवा गुडघा होता. ते म्हणाले, "मला वाटलं होतं हळूहळू जमेल." ऑपरेशनच्या आधी मी त्यांना शंभरदा सांगितलं होतं! त्यांनी शंभरदा मान हलवली होती. मान हलवणं आणि ऐकणं यांत केवढं अंतर असतं.

हॉस्पिटलच्या प्रमुखांना तक्रार दिली आज. तीन पानं. ऑपरेशनची खोली स्वच्छ नव्हती. जखमेकडे दुर्लक्ष केलं. नमुना मागूनही दिला नाही. हाडांच्या डॉक्टरांना लगेच बोलावून घेतलं. मलाही. ते म्हणाले, त्याच दिवशी त्याच खोलीत आणखी चार गुडघे झाले, एकालाही काही नाही. "आणि धोक्याचं काही आहे का ते मी वडिलांना विचारलं होतं, त्यांनी सगळ्याला नाही म्हटलं."

मी म्हटलं, "तुम्ही विचारलं नव्हतं. तुम्ही वाचून दाखवलं होतं."

प्रमुखांनी पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला. प्या म्हणाले. नाही प्यायले.

खाली आले तर लॅबच्या मॅडमना आधीच सगळं कळलेलं. मला वाटलं, झापतील. त्यांनी दार लावून घेतलं आणि त्या दिवसाची प्लेट पुढ्यात ठेवली. म्हणाल्या, "तू रागात आहेस, म्हणून तुला दिसत नाहीये. या जंतूने एवढा पू केला आणि बाबांना ताप नाही? लाली नाही? हे कसं?"

मी म्हटलं, म्हणूनच तर डॉक्टर फसले. त्या म्हणाल्या, "डॉक्टर फसले ते फसलेच. पण शरीर का नाही ओरडलं? ताप, लाली, सूज म्हणजे शरीराचं भांडण असतं. कुणीतरी त्याच्या तोंडावर हात ठेवला होता. स्टिरॉइड घेतात का ते?"

मी उसळलेच. बाबा? सिगारेट नाही, दारू नाही, तंबाखू नाही! मॅडमनी प्लेट बाजूला सरकवली. "मी सिगारेटचं विचारलं नाही," म्हणाल्या.

मग सांगितलं त्यांनी. सूज उतरवणारं, दम्याला, कातडीला, संधिवाताला देतात ते. वेळेवर दिलं तर जीव वाचवतं. पण कुणाच्या नजरेखाली न ठेवता महिनोन् महिने घेतलं तर शरीराचे राखणदार झोपतात, जखम भरत नाही, आणि असा रोजचा पाहुणा घरचा मालक होतो. सांधा बदलण्याआधी हे कळलं तर डॉक्टर मात्रा ठरवतात, तारीख पुढे ढकलतात, डोळ्यांत तेल घालून जखम बघतात.

हे सगळं मी शिकले आहे! परीक्षेत लिहिलंय. मार्क मिळालेत.

"वर वॉर्डात जा आणि शब्द बदलून विचार," मॅडम म्हणाल्या.

९ मार्च

शब्द न बदलताच विचारलं आधी. मूर्ख मी. बाबांचा चेहरा उतरला. "ताई, तूसुद्धा? ते पेपरात येतं तेच ना, खेळाडूंना पकडतात ते? मी काय व्यसनी आहे?" पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांनीही मान वळवली. बाबांनी पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं.

म्हणजे त्या दिवशी त्यांना सिगारेट-दारूच्या रांगेतला तो तिसरा शब्दही कळला होता. आणि चुकीचा कळला होता. दारू, सिगारेट, स्टिरॉइड – चारचौघांत, लेकीसमोर विचारलेलं. भला माणूस काय म्हणणार!

मग शब्द बदलला. गुडघ्यात कधी सुई घेतली होती का? "हां, ते वंगण?" लगेच खुलले. बाजारातल्या डॉक्टरांनी घातलं होतं, मी कॉलेजात होते तेव्हा. गंजलेल्या बिजागरीत तेल घालतात तसं. दुसऱ्या दिवशी धावायलाच लागलो म्हणे.

वंगण! माणसाच्या सांध्यात स्टिरॉइड टोचायचं आणि त्याला वंगण म्हणायचं! सापडला. सापडला मला.

१० मार्च

बाजारातल्या डॉक्टरांकडे गेले होते. पेशंट बसले होते, तरी आत घुसले. बाबांचा पाय जायची वेळ आली आहे, तुम्ही काय टोचलं ते कागदावर लिहून द्या. म्हातारे आहेत. याच माणसाने बाबांना सांगितलं होतं, पोरीला कॉलेजात घाला. तरी मी थांबले नाही. वंगण म्हणताना लाज नाही वाटली? लोक अडाणी आहेत म्हणून काहीही नाव द्यायचं?

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, हो, स्टिरॉइडच होतं. एकदाच दिलं. वंगण हा शब्द तुझ्या बाबांचा, मी फक्त हो म्हटलं, ती चूक माझी. पण त्याला तीन वर्षं झाली, बाळ. त्याचा असर केव्हाच निघून गेला.

"मला कोडं वेगळंच पडलंय," म्हणाले. "दोन-तीन महिन्यांत पुन्हा सूज येणार, हे मला ठाऊक होतं. पुन्हा मागायला येतील, तेव्हा नाही म्हणायचं असंही ठरवलं होतं. ते आलेच नाहीत. त्या गुडघ्यावर तीन वर्षं काम केलं त्यांनी. कशाच्या जोरावर केलं, ते शोध."

मी म्हटलं, कष्टाच्या जोरावर! आणि दार आपटून निघाले. बाहेर बसलेल्या बायका माझ्याकडे अशा बघत होत्या जणू मीच काहीतरी टोचून आले.

सगळे एकमेकांकडे बोट दाखवणार. हाडांचे डॉक्टर बाबांकडे, बाजारातले डॉक्टर काळाकडे. मी सोडणार नाही. दुसरी तक्रार यांच्या नावाने.

११ मार्च

परवा सांधा काढणार. तक्रारीचा मजकूर जमत नाही. 'वंगण' शब्दाशीच पेन अडतं. धाकटा म्हणाला, "ताई, तू कुणावर चिडली नाहीस असं कोण उरलंय ते सांग, मी त्याच्याकडे राहायला जातो."

१२ मार्च

भूल देणाऱ्या बाई उद्यासाठी बाबांना बघायला आल्या. नवीन आहेत. स्टूल ओढून बसल्या. म्हणाल्या, नावं सांगू नका, घरून जे जे पोटात जातं ते या चादरीवर ठेवा.

आईने पर्स उघडली. बीपीचं पाकीट ठेवलं. मग दुसरं, कात्रीने कापलेलं. बारीक पांढऱ्या गोळ्या.

"ही कुठली?"

"ही ताईची."

मी म्हटलं, आई, ही कॅल्शियम नाही. ती म्हणाली, त्या मोठ्या गोळ्या त्यांच्या घशाखाली उतरत नाहीत, कपाटात आहेत सगळ्या, तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. "ही गं. तुझं तोंड सुजलं होतं, तेव्हा डॉक्टरांनी दिली होती ना तुला? एका रात्रीत उतरलं. म्हटलं, यांच्याही गुडघ्याची उतरेल. रिकामं पाकीट दाखवलं की दुकानात देतात." अतिदक्षता विभागात दोन दिवस चुकली तेवढीच, म्हणाली, आत घुसले तेव्हा आधी हीच दिली. बीपी कोसळलं ते याच दोन दिवसांत!

भूलवाल्या बाईंनी पाकीट उलटं करून नाव वाचलं. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग त्यांनी आईला अगदी हळू विचारलं, कधीपासून?

आईला तारीख आठवेना. बाबांनीच सांगितलं.

"ताईच्या दुसऱ्या वर्षापासून. तिची पदवी होईपर्यंत गुडघे टेकता यायला हवे होते."